टेरी, वाघ आणि माझं शहापूर

कुत्रा निवडण्यात माझा हात धरणारं अख्ख्या शहापूर तालुक्यात कोणी नाही!

हे वाक्य माझंच. भर अंगणात, कमरेवर दोन्ही हात ठेवून, आईबाबांसमोर मी ते ठणकावून म्हटलं होतं. आज ते आठवलं की कुठल्या तरी बिळात जाऊन बसावंसं वाटतं. पण बिळात तरी कशी बसणार? आमच्या पाड्यात एकही बीळ आता शाबूत नाही!

तर झालं असं. मी यंदा दहावीला. जुलैत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून माझा आवाज खालच्या पट्टीत यायला तयारच नव्हता. जेवताना मीठ मागितलं तरी आई म्हणायची, "हर्षाले, मीठ मागतेस का सभा घेतेस गो?" अशाच एका जेवणात मी जाहीर करून टाकलं, की दहावीनंतर मी शहापूरला सायन्सला जाणार. आणि तिथे हॉस्टेलला राहणार!

बाबांचा घास हातातच राहिला. माझे बाबा भातसानगरला धरणावर कामाला आहेत, पाण्याची पातळी बघायला. त्यामुळे कुठलीही गोष्ट धोक्याच्या खुणेवर चढली की त्यांना ताबडतोब कळतं.

"तू?" ते म्हणाले. "आंघोळीचा टॉवेल उचलत नाय ती हॉस्टेलात राहणार? एकटी?"

"बाबा, मी जबाबदार आहे!"

"कधीपासून? आमाला पण दाखव की जरा."

दाखवायची संधी समोरच होती. आमचा राखणीचा कुत्रा म्हातारा होऊन पावसाळ्यात गेला होता आणि घर सुनंसुनं झालं होतं. बाबांना त्याच्या जागी तसलाच हवा होता: काळा, दांडगा, बिबट्याचा नुसता वास आला तरी डोळखांबपर्यंत ऐकू जाईल असं भुंकणारा. मी म्हटलं, राखणीचा पुरे झाला, आता सोबतीचा कुत्रा आणू. घरात राहणारा, आपल्याशी खेळणारा, घरच्यांवर जीव टाकणारा!

"सोबतीला तू काय कमी आहेस?" आई म्हणाली. "डोकं उठवायला अजून एक कशाला?"

पण बाबांच्या डोक्यात वेगळंच शिजलं. "बरं," ते म्हणाले. "कुत्रा तूच निवड, तूच सांभाळ. पण दिवाळीपर्यंत कुत्र्याचं एकपण गाऱ्हाणं माझ्या कानावर येता कामा नये. नाय आलं, तर शहापूर. आलं, तर कुत्रं परत, आणि तू डोळखांबच्या कॉलेजला. रोज घरून जायचं नि घरी यायचं."

"मंजूर!" मी गरजले. आणि मग कमरेवर हात ठेवून ते वाक्य म्हटलं.

निवड मी अगदी शास्त्रशुद्ध केली. आमच्याकडे नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर येतं, म्हणून टाकीच्या शिडीवर चढून मोबाईलवर वाचलं. 'टेरियर. आकार लहान, धैर्य मोठं. खाणं कमी. हुशार, आनंदी, लहान मुलांचा लाडका. कुटुंबासाठी उत्तम सोबती. मात्र...' आणि तिथे नेटवर्क गेलं. मी टाकीवर मोबाईल चारी दिशांना फिरवला, पण पान काही 'मात्र'च्या पुढे सरकेना. म्हटलं, जाऊ दे! एवढ्या गुणांपुढे एका 'मात्र'ची काय बिशाद?

माझा पंढरीमामा मुरबाडच्या पुढे एका मुंबईकरांच्या बंगल्यावर राखणदार आहे. मालक परदेशी चालले होते आणि त्यांच्या कुत्र्यांना घरं शोधायची होती. मामाने दोन कुत्रे दाखवले. एक लॅब्राडोर होता, आमच्या कपाटाएवढा. तो बघताच माझ्या अंगावर आला आणि माझं तोंड धुऊन निघालं. नापास! दुसरा होता टेरियर. पांढरा, एका डोळ्यावर तपकिरी ठिगळ, हनुवटीला दाढी. तो पायरीवर गाढ झोपला होता. मी टाळी वाजवली तर त्याने एक डोळा उघडला, उठला, माझ्या चपलेवर हनुवटी ठेवली आणि परत झोपला. किती शांत! किती प्रेमळ!

"मामा, हाच!"

"नक्की का?" मामाने विचारलं. मी हो म्हणताच त्याने असा काही सुस्कारा टाकला, की समोरची जास्वंद हलली. मग लगबगीने पट्टा दिला, खाण्याची पिशवी दिली, वाडगा दिला, वर मला जीपपर्यंत सोडायलाही आला. भाऊबीजेला आईसाठी साडी आणतानासुद्धा मामा एवढा खूश कधी दिसला नव्हता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आणि बंगल्यामागची हिरवळ नांगरल्यासारखी का दिसत होती, हेही तेव्हाच विचारायला हवं होतं. बिचारा आदल्या दिवशी खणून खणून दमला होता, म्हणून झोपला होता हो!

टेरियर म्हणून त्याचं नाव टेरी. घरी आणून मी त्याला अंगणात उभं केलं. बाबांनी त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"हर्षाली," ते म्हणाले, "उरलेला कुत्रा कुठाय?"

शेजारची यमूकाकी कुंपणावरून डोकावली. "अगो, हे मुंगसाचं पोर कुठून धरून आणलंस?"

मी कुणाच्याही बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. मोठ्या निवडीची सुरुवातीला अशीच चेष्टा होते.

पहिली अडचण आली ती भाषेची. टेरी बंगल्यात वाढलेला. त्याला मराठी कळेना! आई म्हणाली, "हाड!" तर त्याने शेपटी हलवली. शेवटी सगळ्या घराने त्याच्यासाठी इंग्रजी उचललं. बाबा, जे साहेबांसमोरसुद्धा इंग्रजीचा शब्द काढत नाहीत, ते स्वतःच्या खुर्चीसमोर हात जोडून उभे राहून म्हणू लागले, "प्लीज, डाऊन! डाऊन रे बाबा!" खुर्चीत टेरी बसलेला असायचा.

दुसऱ्या सकाळी त्या 'मात्र'चा अर्थ कळला. दारात आईची किंकाळी! उंबऱ्यावर मेलेले उंदीर, शाळेत प्रार्थनेला उभे करतात तसे ओळीत ठेवलेले, आणि शेजारी टेरी छाती काढून उभा. ह्या जातीचा जन्मच मुळी बिळातला प्राणी उकरून काढण्यासाठी झालेला. उंदीर, घूस, खेकडा, काहीही चालतं. आणि आमचा पाडा भातशेतीचा. भात तिथे उंदीर, उंदीर तिथे बीळ, आणि बीळ तिथे आता टेरी!

आई आठवड्याभरात त्याच्या बाजूने झाली, कारण भाताच्या कणगीला पहिल्यांदाच भोक पडलं नव्हतं. किंकाळी बंद झाली आणि उलट ती त्याला दटावू लागली, "आज एकच? बरं नाय का वाटत तुला?" पण बिळं फक्त आमच्याच घराखाली थोडीच होती?

पहिलं गाऱ्हाणं यमूकाकीचं. तिने सणासाठी अंगण सारवून आरशासारखं केलं होतं. टेरीने मधोमध असा खड्डा काढला, की त्यात यमूकाकी उभी राहिली तर फक्त अंबाडा दिसला असता.

"थांब, तुझ्या बापालाच सांगते!" ती पदर खोचून निघाली.

माझ्या डोळ्यांसमोरून शहापूरचं हॉस्टेल, गाद्या-कपाटांसकट, धाडधाड मागे गेलं. मी धावत जाऊन तिच्या वाटेत आडवी झाले. "काकी, थांब! बाबांना नको सांगू. मी सारवून देते!"

यमूकाकी थांबली. "अख्खं?"

"अख्खं!"

"पडवी पण?"

"पडवी पण!"

मी घरी कधी शेणाला हात लावला नव्हता. त्या दिवशी कोपरापर्यंत लावला. यमूकाकी पायरीवर बसून चहा पीत सांगत होती, "तिकडं पातळ झालं बघ. हात गोल फिरव गो, फळा पुसतेस काय?"

दुसऱ्या दिवशी टेरीने तोच खड्डा परत काढला. परत सारवलं.

मग आले धर्माकाका. त्यांनी झोडणीसाठी खळं चोपून सपाट केलं होतं. टेरी तिथे एका घुशीच्या मागे लागला. घूस सुटली, खळं नाही सुटलं. वर काकांच्या कोंबड्या घाबरून कौलांवर जाऊन बसल्या.

"पोरी, हे काय बरं नाय," काका म्हणाले. "तुझ्या बापाच्या, सुरेंद्राच्या कानावर घालायला पायजे."

"काका, तुमची कापणी आहे ना रविवारी? मी येते!"

काकांनी आकाशाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "विळा घरचाच आण," ते म्हणाले.

रविवारी मी दिवसभर भात कापलं. संध्याकाळी माझी पाठ अशी वाकली होती, की घरी जाताना मला फक्त माझे स्वतःचे पाय दिसत होते. आणि कोंबड्या कौलांवरून उतरल्या तरी भेदरलेल्याच, अंडी भलत्याच ठिकाणी घालू लागल्या. ती शोधायचं कामही माझ्याचकडे!

ही बातमी पाड्यात कशी पसरली कोण जाणे. गाऱ्हाणी यायला लागली, पण सगळी थेट माझ्याकडे आणि सगळी हळू आवाजात. कुणी म्हणे, कुत्रं माझ्या म्हशीकडे टक लावून बघतं, तिला लाज वाटते, ती पान्हा चोरते. मी गवताचा भारा टाकला. कुणी म्हणे, भुंकलं म्हणून माझ्या हातून हंडा पडला. मी पाणी भरलं. एक आजी म्हणाली, कुत्रं माझ्या सपनात आलं नि चावलं. मी म्हटलं, "आजी, सपनात चावलं तर मी काय करू?" ती म्हणाली, "पाय दाब."

दाबले!

इकडे घरी बाबा चकित. "कमाल आहे," ते आईला म्हणायचे. "एक गाऱ्हाणं नाय! पोरगी सुधारली म्हणायची." आणि मी कोपऱ्यात बीजगणिताच्या पुस्तकावर डोकं ठेवून घोरत असायची.

कसेबसे दिवस ढकलत दिवाळी तोंडावर आली. फक्त वाघबारस उरली होती. ती पार पडली की शहापूर माझं!

वाघबारस आमच्याकडे दिवाळीआधीच लागते. त्या दिवशी गुरं राखणारी माणसं शिवेवर वाघोबाच्या दगडापाशी जमतात, खीर शिजते, आणि पाड्यातला एक गडी वाघ होतो. अंगाला हळद, त्यावर कोळशाचे पट्टे, कमरेला पेंढ्याची वळलेली शेपूट. मग पाड्याचे जाणते नवसूआजोबा त्याला सगळ्यांदेखत विचारतात, आमच्या शिवारात येशील का? आमची गुरं खाशील का? वाघाने दोन्ही वेळा "नाय" म्हणायचं, आणि मग पोरांनी आरडाओरडा करत त्याला शिवेपार हाकलायचं. खीर त्यानंतर. आणि नियम कडक: विचारल्याशिवाय वाघाने तोंड उघडायचं नाही, आणि वाघ जे बोलेल ते वर्षभर खरं मानायचं.

यंदाचे वाघ होते बाबा!

बाबांनी त्यासाठी धरणावर तापाचं कारण सांगून रजा काढली होती. मी टेरीला घरामागे भक्कम खुंट्याला बांधलं, गाठ तपासली आणि निश्चिंत मनाने वाघोबाला गेले. आता तुम्हीच सांगा, खणण्यासाठीच जन्माला आलेल्या प्राण्याला जमिनीत पुरलेल्या खुंट्याला बांधणाऱ्या मुलीला सायन्सला प्रवेश द्यावा का?

वाघोबापाशी सगळा पाडा जमला होता. बाबा सादड्याच्या झाडाखाली चार पायांवर बसून झकास डरकाळ्या फोडत होते. नवसूआजोबा काठी टेकत पुढे झाले. इतक्यात मागून धुळीचा एक लोट आला. लोटाच्या पुढे टेरी, टेरीच्या मागे पट्टा, आणि पट्ट्याच्या मागे खुंटा!

त्याने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पाहिली ती पेंढ्याची शेपूट. पेंढा आमच्याच माळ्यावरचा, उंदरांच्या वासात मुरलेला. टेरीच्या लेखी त्या शेपटीत सगळ्या शिवारातले उंदीर मुक्कामाला होते!

बाबांना काही कळायच्या आत त्याने शेपूट धरली आणि झटका दिला. वाघ केकाटला. वाघ दोन पायांवर उभा राहिला. आणि सगळ्या पाड्यादेखत वाघ सरसर सादड्यावर चढला!

"अगो बाई! वाघ झाडावर!" यमूकाकी ओरडली.

"सिट! टेरी, सिट! कम! स्टे!" मी येत होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी ओतलं. टेरीने खुंट्यासकट खोडाला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि पट्टा खोडाला गुंडाळून झाडाखालीच मुक्काम ठोकला.

"हर्षाले!" वरून बाबा गरजले. "आधी ह्याला धर!"

"वाघानं बोलायचं नाय!" नवसूआजोबांनी काठी आपटली. "विचारल्याबिगर वाघ बोलत नाय! गप, आता विचारतो. वाघोबा, आमच्या शिवारात येशील का?"

"अहो आजोबा, मला खाली तर येऊ द्या!"

"येतो म्हणतोय!" कुणीतरी कुजबुजलं. "येऊ द्या म्हणतोय!"

आजोबांनी काठी सावरली. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. "आमची गुरं... खाशील का?"

"खाईन!" बाबा किंचाळले. "ह्या कुत्र्याला कच्चा खाईन!"

हाहाकार! बायकांनी कपाळाला हात लावले. धर्माकाका मटकन खाली बसले. "खातो म्हणाला! गेलं! यंदा एक वासरू राहत नाय आता!" लहान पोरं रडायला लागली, काही वासरांसाठी आणि बाकीची खिरीसाठी, कारण खीर खाली लागायला लागली होती.

"ही सगळी ह्या कुत्र्याची करणी!" यमूकाकीचा बांध फुटला. "माझं अंगण कितीदा उकरलं ह्यानं!"

"माझं खळं!" धर्माकाका बसल्या जागेवरून म्हणाले.

"माझी म्हैस!"

"माझं सपान!"

मी हातवारे करून, डोळे मोठे करून, ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना विनवत होते. काही उपयोग झाला नाही! एकेक गाऱ्हाणं उठत होतं आणि थेट सादड्याच्या फांदीवर जाऊन बसत होतं.

"काय?" वरून आवाज आला. "अंगण? खळं? कधी?"

"वाघानं बोलायचं नाय!" आजोबा कडाडले.

बाबा गप्प बसले. पण पानांमधून मला त्यांचे दोन डोळे दिसत होते. खऱ्या वाघाचे तरी एवढे लाल असतील का, शंकाच आहे. संपलं! हॉस्टेल संपलं, सायन्स संपलं. माझं पुढचं आयुष्य मला शेणाच्या पाटीत गोल गोल फिरताना दिसू लागलं.

अंगातलं सगळं त्राण गोळा करून मी टेरीवर उडी मारली आणि गुंतलेला पट्टा सोडवून त्याला छातीशी धरलं. तो माझ्या कानाशी उंदरांविषयी काहीतरी तळमळून सांगत होता. आजोबांनी परत पहिल्यापासून विचारलं. "वाघोबा, नीट ऐक. आमच्या शिवारात येशील का?"

"नाय येणार!" बाबा फांदीला मिठी मारून म्हणाले. "देवाशपथ नाय येणार! ह्या जन्मी नाय येणार!"

इतक्या कळवळून आजवर एकाही वाघाने उत्तर दिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. गुरांच्या प्रश्नालाही व्यवस्थित "नाय" मिळालं. बाबा हळूहळू खाली उतरले. त्यांचा पाय जमिनीला लागला, शेपटी हलली, आणि माझ्या हातातला टेरी साबणाच्या वडीसारखा निसटला!

पोरांनी वाघाला हाकलायची गरजच पडली नाही. वाघ पुढे, टेरी मागे. ओढा गेला, कापलेली शेतं गेली, शीव गेली, डांबरी रस्ता आला. रस्त्यावरून शहापूरकडे जाणारी जीप येत होती. बाबांनी धावत्या जीपच्या मागच्या पायरीवर उडी मारली. आतून अशा काही किंकाळ्या आल्या की ड्रायव्हरने वेग वाढवला. वाघ जीपला लोंबकळत वळणापलीकडे दिसेनासा झाला.

नवसूआजोबा कपाळावर हात धरून बघत राहिले. "एवढी वर्षं गेली," ते गहिवरून म्हणाले, "पण असा गेलेला वाघ नाय बघितला!"

आणि त्यांनी खिरीचा पहिला द्रोण ठेवला तो टेरीपुढे!

बाबा परतीच्या जीपने आले. अंगावर कुणाचातरी टॉवेल होता. जाणाऱ्या जीपमध्ये त्यांच्याच धरणावरचे साहेब बसलेले निघाले होते. साहेबांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सुरेंद्र, ताप उतरला का?"

बाबा आले ते सरळ माझ्यासमोर. सगळा पाडा खीर खायचा थांबला.

"कुत्रं उद्या परत," बाबा म्हणाले. "आणि शहापूर रद्द. गाऱ्हाणी ऐकली मी. सगळी ऐकली. निवांत बसून ऐकली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण तेवढ्यात भलताच आवाज उठला.

"परत?" यमूकाकी द्रोण ठेवून उभी राहिली. "परत कशाला? बिचारं मुकं जनावर!"

"वाघ पळवणारं कुत्रं घालवतात काय?" धर्माकाका म्हणाले. "माझं काय गाऱ्हाणं नाय बाबा!"

"माझं पण नाय!" म्हशीवाले म्हणाले.

"मला तर सपान आवडलं होतं," आजी म्हणाली.

मी थक्क झाले. काय ही माया! मग लक्षात आलं. कुत्रं गेलं तर अंगण कोण सारवणार? कापणीला कोण येणार? पाय कोण दाबणार? तरी म्हटलं, कारण काही का असेना, संधी सोडायची नाही. मी डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि स्पर्धेतला आवाज लावला. "बाबा! सगळ्यांनी गाऱ्हाणी मागे घेतली! म्हणजे गाऱ्हाणं उरलं नाही! म्हणजे तुमच्याच अटीप्रमाणे मी शहापूरला जाणार!"

यमूकाकीने धर्माकाकांकडे पाहिलं, धर्माकाकांनी यमूकाकीकडे.

"ही जाणार?" यमूकाकी सावकाश म्हणाली. "तसं... गाऱ्हाणं आहे म्हणा थोडंसं..."

"थोडंसं आहे," काका म्हणाले.

बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. विळ्याचे वण होते, नखांत शेण होतं.

"अख्ख्या पाड्याचं काम केलंस तू?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

"टॉवेल मात्र अजून पलंगावरच आहे," आई मागून म्हणाली.

"असू दे," बाबा म्हणाले. "कुत्रं राहील. आणि जूनला हर्षाली शहापूरला जाईल." मी उडी मारणार एवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "पण अट तीच. आता दिवाळीपर्यंत नाय, जूनपर्यंत. एकपण गाऱ्हाणं माझ्या कानावर येता कामा नये!"

सगळ्या पाड्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि प्रेमाने माझ्याकडे पाहत खीर परत सुरू केली.

तेव्हापासून मी यमूकाकीचं अंगण सारवते आणि ते वाळेपर्यंत तिथेच बसून बीजगणित सोडवते. मला एकच कोडं सुटत नव्हतं: त्या अंगणाखालचे उंदीर केव्हाच संपले, तरी टेरी रोज त्याच जागी का उकरतो? काल शाळेतून जरा लवकर आले आणि कुंपणातून पाहिलं. यमूकाकी इकडेतिकडे बघत, मी सारवलेल्या अंगणात, सुक्या बोंबलाचं डोकं पुरत होती!

मी अशी तापले! सरळ बाबांकडे निघाले. सगळं सांगणार होते, अगदी पहिल्या खड्ड्यापासून!

दारापर्यंत गेले आणि थबकले. बाबांची अट आठवली. एकपण गाऱ्हाणं नको म्हणजे नको. कुणाचं, ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

"काय गो?" बाबांनी खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या बसल्या विचारलं. "काय सांगायचं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "शेणाची पाटी कुठे ठेवलीय?"